अल्कली, सर्फॅक्टंट आणि आम्लधर्मी तेल : खडकात अडकलेलं खनिज तेल सुटावं म्हणून पाण्यात अल्कली (सोड्यासारखा पदार्थ) आणि सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) घालून बघायच्या प्रयोगांना सुरुवात करतोयस ना?

आधी तेलाचा आम्लांक, म्हणजे त्यात आम्ल किती आहे ते, काढ. तेलातल्या नॅफ्थेनिक (तेलात मुळातच असणाऱ्या) आम्लांशी अल्कलीची गाठ पडली की तेल-पाण्याच्या सीमेवरच साबण तयार होतो आणि त्या सीमेवरचा ताण, म्हणजे आंतरपृष्ठीय ताण, घसरतो. आम्लच नगण्य असेल तर सोडा कितीही ओत, साबण येणार कुठून?

नवखे बहुतेक इथे चुकतात :

- एकच आकडा टिपतात. ताण काळानुसार बदलतो. आधी झपाट्याने उतरतो, मग साबण पाण्यात निसटला की पुन्हा चढतो. वेळेसकट नोंदी ठेव, अर्धवट उठून चहाला जाऊ नकोस. (मी गेलोय.)
- ‘जास्त सोडा म्हणजे कमी ताण’ असं धरतात. सोडियमही वाढतं, साबण तेलात ढकलला जातो, ताण उलट वाढतो. म्हणून थोडं सर्फॅक्टंट घालायचं. ते जास्त क्षार सोसतं, त्यामुळे साबण ज्या क्षारतेत काम करतो तो पल्ला रुंदावतो.
- कठीण पाणी वापरतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाचा साका होतो.
- डीमल्सिफायर (तेल-पाणी वेगळं करायचं रसायन) मिसळलेलं तेल आणतात. मग मोजतोय काय, तेच कळत नाही.

फिरत्या थेंबाच्या यंत्रावर (फिरत्या नळीत थेंब जितका लांबतो तितका ताण कमी) थेंबाची लांबी व्यासाच्या चौपट झाल्यावरच ताण काढायचं सोपं सूत्र लाव. ०.००१ मिलिन्यूटन प्रति मीटर इतका कमी ताण पहिल्याच आठवड्यात दिसला, तर आनंदाआधी नळी पुन्हा धू.

पॉलिमरचं (पाणी दाट करणाऱ्या पदार्थाचं) नंतर बघू.