हिरवा दिवा लागला म्हणून सही करू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

विमानाच्या लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकं नि त्यांच्या पायांचा, मायक्रोस्विच बदलला, चाकं खाली पक्की झाली हे सांगणारा हिरवा दिवा लागला, आणि एवढ्याशा कामासाठी विमान पुन्हा जॅकवर कशाला, म्हणून वरिष्ठ चिडले. तू सही केली नाहीस. आता तुला वाटतंय, आपण उगाच ताणलं का. मुळीच नाही. जे चालताना डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर सही नाही.

दिवा स्विचचं सांगतो, गिअरचं नाही. स्विच किंचित चुकीचा बसला, तर साइड ब्रेसचा, म्हणजे गिअरला बाजूने धरणाऱ्या घडीच्या आधाराचा, सांधा मध्यरेषा ओलांडून पक्का बसण्याआधीच दिवा लागू शकतो. पायलट निश्चिंत होतो. चाकं टेकतात, आडव्या वाऱ्यात बाजूने जोर येतो आणि सांधा दुमडतो. पंखाचं टोक धावपट्टीला घासतं, प्रोपेलर आपटतो. म्हणून गिअर वर-खाली कर आणि दिवा लागेल त्या क्षणी वाकून सांधा बघ. आणीबाणीत गिअर खाली सोडायची व्यवस्थाही चालवून बघ, तिथे कंटाळा नको.

‘मागच्या विमानालाही असंच केलं, काही झालं नाही’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेत शार्लट शहरात बीचक्राफ्ट १९००डी हे छोटं प्रवासी विमान पडलं. दोन रात्री आधी एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीच्या, केबलचा ताण जुळवताना मॅन्युअलमधल्या पायऱ्या गाळल्या होत्या. तंत्रज्ञ त्या कामात नवखा होता, आणि त्याला शिकवणाऱ्या निरीक्षकानेच त्या गाळू दिल्या. त्यानंतर विमान नऊ वेळा नीट उडालं. दहाव्या वेळी शेपटीकडे भार जास्त होता, नाक खाली आणायला एलेव्हेटर पुरला नाही. विमानातली २१ माणसं गेली. तो अपघात उड्डाण घेतानाचा होता, उतरतानाचा नाही, मान्य. पण एलेव्हेटर वरच्या बाजूला कमी पडला, तर टेकताना नाक उचलत नाही आणि पुढचं चाक आधी आपटतं. पूर्ण हालचाल बघितल्याशिवाय हे कळणार कसं? न पाहता सही नाही, म्हणजे नाही!

ब्रेकचंही तेच. नळीत हवा राहिली, तर पेडल दाबल्यावर मऊ लागतं. हँगरमध्येच दाबून बघ.

मला हेकट म्हणत. उमेदीची वर्षं ज्यांच्याबरोबर काढली, त्यांतले काही बोलेनासे झाले. त्यांच्याशी जरा गोडीने वागायला हवं होतं, ही खंत आहे. पण सकाळी विमान हवं असतं तेव्हा गोड शब्द कोण ऐकतं? मी आवाज चढवला, म्हणून निदान विमानं जॅकवर तरी चढली.

तू आवाज चढवू नकोस. लॉगबुकात स्वच्छ अक्षरात लिही: ‘स्विच बदलला. गिअरची चाचणी बाकी.’ पाळी संपताना पुढच्या माणसाला ती ओळ दाखव, नुसतं तोंडी सांगून निघू नकोस. चाचणी झाली की मला कळव. सांधा आधी बसला की दिवा आधी लागला, एवढंच लिही.