दंड भरला तरी आरटीओची नोटीस का आली?

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो. गाडी चालवताना फोन हातात होता म्हणून वाहतूक पोलिसांनी लायसन्स जप्त करून पावती दिली. दंड मी लगेच भरला. तरी आता आरटीओची सुनावणीची नोटीस आली आहे. एका चुकीची दोनदा शिक्षा कशी? गाडी थांबली तर घर कसं चालवू?

उत्तर : सर्वात आधी, सुनावणीला जा. दंड भरला की प्रकरण मिटलं, असं समजून अनेक जण घरी बसतात आणि आदेश त्यांच्या माघारी होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम, म्हणजे तुम्ही भरलेला दंड, भरल्यावर खटला संपतो. लायसन्सवरची कारवाई मात्र थांबत नाही; २०१९ च्या दुरुस्तीने हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. चालवताना फोन हातात धरणं कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, म्हणून तुमचं लायसन्स आरटीओकडे गेलं.

पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्याला लायसन्स रद्द, असं कलम १९ सांगतं. पण तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आणि कारणं लेखी नोंदवल्याशिवाय असा आदेश काढता येत नाही. ऐकून तुम्हाला सोडून देण्याचा अधिकारही आरटीओला आहे. तुमची सगळी आशा इथेच आहे, म्हणून म्हणणं लेखी द्या आणि पोच घ्या. आधीचा एकही गुन्हा नसेल तर ते ठळक लिहा. घर तुमच्या कमाईवर चालतं हेही लिहा. तेवढ्याने सुटका होईलच असं नाही, पण ते नोंदीवर असायला हवं. फोन खरोखर हातात होता, तर नाकारू नका. खोटं उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही विश्वास राहत नाही.

आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करा, सोबत स्थगितीही मागा.

तोवर पोलिसांच्या पावतीवर गाडी चालवू नका; अशा जप्तीची पावती ही नुसती पोच असते, लायसन्स परत मिळेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत नाही. अपात्रतेच्या काळातही स्टिअरिंगला हात लावू नका, डिजिलॉकरमध्ये लायसन्स दिसत असलं तरी. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते. मुदत संपल्यावरही उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही, तेव्हा त्याची चौकशी आधीच करून ठेवा.