आई-वडील आणि पोरांना घेऊन नांदेडहून मे महिन्यात कारने निघून गाडीसकट बोटीचा प्रवास करता येईल का? मुंबईहून मांडव्याची बोट धरायचा बेत आहे. रस्ता कोणता धरावा?

येईल की. पण आधी मुंबई गाठायची आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट, धरायची, हा तुमचा बेत मला पटला नाही. तासाभराच्या बोटीसाठी अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा, वर मुंबईचं ट्रॅफिक!

मी लातूरचा. आम्ही कोकणात उतरतो ते रत्नागिरीकडून. नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुमच्या नांदेडातूनच जातो. लोहा, अहमदपूर, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, पुढं आंबा घाट उतरला की रत्नागिरी. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. सोबत आई-वडील आहेत म्हणता, तर एका दमात मारू नका, कोल्हापूरला मुक्काम करा. आणि निघा पहाटेच. सोलापूर ऊन तापायच्या आत मागं पडलं पाहिजे.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यावरून किनारा धरून उत्तरेकडं सरकायचं. वाटेत चार खाड्या आडव्या येतात आणि चारही ठिकाणी गाडी बोटीत चढते. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडले आणि दिघी ते आगरदांडा. या फेरीबोटीला तिकडं जंगलजेटी म्हणतात. रस्ता विचारताना 'जंगलजेटी कुठं?' म्हणा, कुणीही सांगेल. तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे जवळ ठेवा. शेवटची फेरी कितीला सुटते ते आदल्या दिवशी मुक्कामीच विचारून घ्या. ती चुकली तर खाडीला वळसा घालून जावं लागतं, आणि ते वळसे लई लांबचे आहेत.

एकेक फेरी अर्ध्या तासाच्या आतली, त्यामुळं याला समुद्रप्रवास म्हणणं जरा जास्तच होईल. तरी मला विचाराल तर दाभोळची फेरी सगळ्यात भारी. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहायचं. एका अंगाला समुद्र उघडा, दुसऱ्या अंगाला डोंगरांतून आलेली वाशिष्ठी. 2016 ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेल्या गावचा माणूस मी. मे महिन्यात एवढं पाणी बघितलं की बोलणंच सुचत नाही.

मुक्कामाला गुहागर, हर्णै आणि श्रीवर्धन बरे. हेदवी, वेळणेश्वर वाटेवरच आहेत. हर्णैला बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा, खात नसलात तरी. आईंना ज्वारीची भाकरी लागत असेल तर पीठ सोबत घ्या, तिकडं तांदळाची मिळेल.

गारव्याची आशा मात्र सोडा. पारा आपल्यापेक्षा खाली असतो, पण घाम असा सुटतो की आपलं कोरडं बेचाळीस बरं वाटतं. बोटीत बसायचं ते सकाळी नाहीतर चारनंतर. पोरांना गणपतीपुळ्याच्या आणि हरिहरेश्वरच्या पाण्यात अजिबात उतरू देऊ नका. आपल्याला विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्र ऐकत नाही. आणि सहल मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. हापूस असतो आणि पावसाची धास्ती नसते.

सुट्टी कमी असेल तर चौथी फेरी सोडून श्रीवर्धनहूनच माणगाव, ताम्हिणी, पुणे करत घरी या. पोरांचा मोठ्या बोटीचा हट्ट उरलाच, तर आगरदांड्याहून मुरूड, अलिबाग करत मांडव्याला जा आणि तिथून गाडीसकट मुंबईला उतरा.