भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ठाणे महापालिकेला अपक्ष उभं राहता येतं का? अटी काय आणि खर्च किती येतो?

येतं. मी स्वतः 2017 ला उभी राहिले होते, तेव्हा भाड्याच्याच खोलीत राहत होतो. ‘आधी घर नावावर करा’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाने कायदा उघडूनही पाहिलेला नाही.

आमच्याकडे हे सांगणारे होते माझे मोठे दीर. पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात हयात गेली, त्यामुळे निवडणुकीतलं सगळं आपल्यालाच कळतं हा ठाम समज. घरात सगळ्यांसमोर म्हणाले, “भाडेकरूचा फॉर्म छाननीत उडतो. आडनावाचं हसं करू नकोस.” मी विचारलं, कुठल्या कलमात आहे? तर म्हणे, कलमं वकिलांना विचार, मी अनुभवाचं सांगतोय. घरमालकांनाही त्यांनीच जाऊन घाबरवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी काका दारात. माझी खोली निवडणुकीत अडकणार नाही ना, म्हणून विचारत होते.

कायदा मागतो ते एवढंच: वय 21 पूर्ण आणि शहराच्या मतदार यादीत नाव. तुमचं नाव कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं, पण सूचक (तुमचं नाव सुचवणारा) आणि अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा) मात्र ज्या प्रभागातून उभे राहताय तिथलेच मतदार हवेत. आणि ठाण्यात प्रभागाची हद्द गल्लीच्या मधून जाते. आमच्या समोरच्या काकू अनुमोदक व्हायला हौसेने तयार होत्या. प्रारूप यादी चाळली तर त्यांचं नाव शेजारच्या प्रभागात. मग दुसऱ्या बाई शोधल्या.

छाननीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. समोरच्या उमेदवाराचा वकील उठला आणि हरकत घेतली की उमेदवार राहते त्या घराचा मालमत्ता कर थकलेला आहे. दीर मागच्या खुर्चीत, चेहऱ्यावर ‘बघ, सांगितलं होतं’. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, थकबाकी उमेदवाराच्या नावावर आहे का? तशी नोटीस बजावली आहे का? कारण नुसत्या थकबाकीने कुणी अपात्र होत नाही. ती तुमच्या स्वतःच्या नावावरची असावी लागते, पालिकेने त्यासाठी खास नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर तीन महिन्यांत तुम्ही भरलेली नसावी लागते. घरमालकाचा कर घरमालकाचा. हरकत फेटाळली, फॉर्म वैध. दीर चहा न घेताच निघून गेले.

(तरी पाणी, कर वगैरे सगळ्याचे ना-हरकत दाखले घेऊन ठेवाच. त्या आठवड्यात प्रभाग कार्यालयात जत्रा असते.)

फॉर्म खरे उडतात ते दुसऱ्याच कारणांनी. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल तर विषय संपला, मूल दत्तक दिलं तरी सुटका नाही. पालिकेच्या ठेक्यात तुमचा थेट किंवा आडून हिस्सा असेल तरी तेच. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं आधी बघा, ते वेळेत दिलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, ‘निरंक’ लिहा. शौचालय वापराचा दाखला लागतो, त्याला हसू नका.

दिरांचा मुद्दा अजून तोच आहे. परवाच्या 15 जानेवारी 2026 च्या मतदानाआधीही एका भाडेकरू मुलाला हेच ऐकवत होते. घर असलेल्याचीच खरी पंचाईत होऊ शकते हे त्यांना कोण सांगणार? नगरसेवकाने स्वतः, नवरा-बायकोने किंवा अवलंबिताने अनधिकृत बांधकाम केलं तर पद रद्द होऊ शकतं. वरचा वाढीव मजला कुणाचा आहे ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता खर्च. अनामत 5000 रुपये, महिलांना आणि राखीव जागेला निम्मी. बाकीचं तुमच्या खिशावर. पण ठाण्यात एक प्रभाग सोडला तर सगळे चार-चार नगरसेवकांचे आहेत. पक्षाचं पॅनेल एकाच पत्रकात चार नावं छापतं आणि तुम्ही एकटे तेवढ्याच मतदारांपर्यंत जायचं. मी पडले, हे सांगायचं राहिलं. त्याचं दुःख नाही.

पुढची निवडणूक लांब आहे. तोवर घर बदललंत तर फॉर्म 8 भरून यादीतला पत्ता बदलून घ्या. भाडेकरूंची नावं तिथेच गायब होतात. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडावं लागतं, आणि पडलात तरी निकालापासून 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो. नाही दिला तर तीन वर्षं अपात्र. आमच्याबरोबर पडलेल्यांपैकी काही जण ‘हरलो, आता कसला हिशेब’ म्हणून घरी बसले होते.