वॉटर कूलिंगचा आवाज: वॉरंटी कंपनीची, फिटिंग दुकानदाराची

प्रश्न: मी परभणीत राहतो. घरातल्याच एका खोलीत रात्री निवेदनाचं रेकॉर्डिंग करतो, त्यावरच घर चालतं. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज माइकमध्ये यायचा, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. त्यांनी सुचवलेलं वॉटर कूलिंग त्यांच्याच दुकानात बसवून घेतलं. फिटिंगसह १६,५०० रुपये यूपीआयने दिले. घरी आणल्यापासून आतून गुळगुळ आवाज येतो. त्याच आठवड्यात कळवलं, तर म्हणाले, ‘एवढा आवाज तर राहतोच. कंपनीची वॉरंटी गळतीची आहे, आवाजाची नाही.’ साध्या पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. दोन महिने झाले. ओळखीचा एक मुलगा खोलून पाणी भरून देतो म्हणतो. दोन लाखांची भरपाई मागता येईल का? आणि पुढे कोणतं कूलिंग घ्यावं?

उत्तर: आधी त्या मुलाला थांबवा. तुमचं कूलिंग कारखान्यातूनच सीलबंद आलेलं आहे. ते एकदा खोललं की वॉरंटी गेलीच, शिवाय ‘ग्राहकाने छेडछाड केली’ हा बचाव तुम्ही स्वतः दुकानदाराच्या हातात दिलात. आणि त्यात बोअरचं जड पाणी गेलं, तर आतल्या बारीक वाटांमध्ये क्षार साचतील. वस्तू आज जशी आहे तशीच राहू द्या. तीच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

तुम्ही पाठवलेला कॅबिनेटचा फोटो मी मोठा करून पाहिला. रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी पंखे लावलेली जाळी, कॅबिनेटच्या तळाशी आडवा बसवलाय आणि पंप, म्हणजे प्रोसेसरवरचा गोल भाग, त्याच्या बराच वर आहे. अशा यंत्रणेत थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असेल तर हवा तिथे गुपचूप पडून राहते. तुमच्याकडे उंच जागा पंपाचीच आहे, म्हणून आठवड्याने नळाला पाणी येताना पाइपात हवा गुरगुरते तसा आवाज येतोय. अशाने पंपाचं आयुष्यही कमी होतं. रेडिएटर कुठे आणि कसा बसवावा, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. त्या पानाची प्रत आणि हा फोटो एकत्र जोडा.

तुमचा दावा मी याच मुद्द्यावर उभा करेन. वस्तू निर्दोष आहे असं गृहीत धरलं तरी ती चुकीची बसवली आहे. बसवण्याचे पैसे दुकानदाराने घेतले, म्हणजे ती त्याने दिलेली सेवा आहे आणि तिच्यातली कमतरता ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. कंपनीची वॉरंटी गळतीची आहे की आवाजाची, याचा त्याच्या हातच्या कामाशी संबंधच नाही.

दुसरा आधार तुमच्या चॅटमध्ये आहे. ‘रात्री रेकॉर्डिंग असतं, आवाज अजिबात नको’ असं तुम्ही लिहिलंत आणि ‘हे घ्या, चालू आहे का बंद तेही कळणार नाही’ असं त्यांचं उत्तर आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने आपली गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या गरजेला योग्य असावा ही अट विक्रीत आपोआप येते. कंपनीचं नाव घेऊन तुम्हीच तो मागितला असता, तर हा मुद्दा लंगडा पडला असता. निवड दुकानदाराने केली, हे तुमचं बळ. चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. प्रिंट काढून सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावर वादाला जागा कमी राहील.

पावतीवरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही त्याच आठवड्यात कळवलं होतं, हे फार बरं झालं. रीतसर बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे, तेव्हा नोटिशीत जीएसटी बिलही मागा.

त्यांचा पुढचा बचाव मला आत्ताच दिसतोय: ‘मराठवाड्याचा उन्हाळा.’ त्यात तथ्य आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. त्यामुळे पंखे जोरात फिरणार. पण तो घोंघावणारा आवाज झाला. म्हणून पहाटे, घरातले पंखे-कूलर बंद करून व्हिडिओ घ्या. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, रेडिएटरच्या पंख्यांचा वेग कमी करा, स्क्रीनवरचा आकडा दाखवा आणि तरीही येणारी गुळगुळ ऐकू येऊ द्या. फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपवर माझा भरवसा नाही. त्यापेक्षा तंत्रनिकेतनातल्या एखाद्या जाणकार प्राध्यापकांनी कॅबिनेट पाहून केलेलं शपथपत्र वजनदार ठरेल.

‘तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नाही’ असंही ते म्हणतील. व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल कायद्यातून वगळलाय, हे खरं. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ती आडकाठी लागत नाही. तुम्ही एकटे काम करता, नोकर नाहीत, हेच घराचं उत्पन्न आहे, ही वाक्यं तक्रारीत स्पष्ट लिहा. हा मुद्दा राहून गेल्याने चांगल्या तक्रारी अडकतात.

नोटीस स्पीड पोस्टाने दुकानदाराला पाठवा आणि प्रत कंपनीला द्या. मागणी अशी लिहा: १५ दिवसांत स्वखर्चाने योग्य पद्धतीने बसवून आवाज बंद करून द्या, नाहीतर फिटिंगसह पूर्ण रक्कम परत करा. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, पण उन्हाळा, धूळ आणि वापर यांत पुरावा विरत जातो, म्हणून थांबू नका.

दोन लाखांचं मात्र मनातून काढा. आकडा फुगवला की खऱ्या नुकसानीवरही शंका घेतली जाते. आवाजामुळे कोणी रेकॉर्डिंग परत पाठवलं असेल तर ते ईमेल आणि त्या कामाची ठरलेली रक्कम जोडा. मनस्तापाची आणि खर्चाची माफक रक्कम वेगळी मागा.

राहिला नव्या कूलिंगचा प्रश्न. वॉटर कूलिंगमध्ये पंख्यांच्या जोडीला पंपही चालतो, म्हणून ते हवेच्या कूलरपेक्षा शांतच असेल असं नाही. तुमच्या कामाला मोठा, संथ फिरणाऱ्या पंख्याचा साधा एअर कूलरही पुरू शकेल. त्यासाठी आधी प्रोसेसर किती उष्णता निर्माण करतो ते पाहा. वॉटर कूलिंगच घ्यायचं ठरलं, तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसतो का ते मोजून घ्या. आणि पैसे देण्याआधी बिलावर मॉडेल, फिटिंगची जबाबदारी आणि ‘रात्रीच्या रेकॉर्डिंगसाठी, आवाज जाणवल्यास सात दिवसांत परत’ एवढं लिहून, सही-शिक्का घ्या.