फिट येते, पण ईईजी नॉर्मल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सुनेला (वय २२) दोन वर्षं फिट येतात. दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. ईईजी नॉर्मल आला. आता डॉक्टर म्हणतात, हे मानसिक आहे. म्हणजे ती सोंग करते का? गोळ्या बंद कराव्यात का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : नाही, ती सोंग करत नाही. हे आधी घरात सगळ्यांना सांगा. फिट दोन प्रकारची असते. अपस्मारात मेंदूच्या पेशी एकदम भलत्याच जोराने विजेचे संदेश सोडतात. दुसऱ्या, म्हणजे डॉक्टर ज्याला मानसिक म्हणतात त्या प्रकारच्या झटक्यात तसं होत नाही, पण शरीरावरचा ताबा तितकाच सुटतो. तो तिच्या इच्छेने येत नाही आणि इच्छेने थांबतही नाही.

मात्र 'ईईजी नॉर्मल, म्हणून मानसिक' हे निदान अर्धवट आहे. साधा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, वीस-तीस मिनिटांचा असतो. अपस्मार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. पक्कं निदान व्हिडिओ-ईईजीने होतं : रुग्णाला दाखल करून मेंदूच्या लहरी आणि कॅमेरा एकाच वेळी चालू ठेवतात आणि झटका येण्याची वाट पाहतात. माणूस बेशुद्धासारखा पडलेला, पण लहरी जाग्या माणसाच्या, असं दिसलं तर झटका दुसऱ्या प्रकारचा आहे, असा उलगडा होतो.

तोवर तुमच्या हातातला मोबाईल फार कामाचा आहे. पुढचा झटका सुरू होताच घड्याळ बघा. आधी पूर्ण अंग दिसेल असं चित्रण करा, मग चेहरा जवळून घ्या. तिचे डोळे उघडे आहेत की घट्ट मिटलेले, हे दिसलंच पाहिजे. पापण्या ओढून उघडू नका. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, अंग आधी ताठतं, मग झटके देत देत दोन-तीन मिनिटांत शांत होतं, जिभेची कड चावली जाते आणि नंतर गुंगी राहते. दुसऱ्या प्रकारात डोळे मिटलेले असतात, मान डावी-उजवी हलते, झटके थांबून पुन्हा सुरू होतात आणि दहा-पंधरा मिनिटंही चालतात. एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला अपस्मारही असतो.

म्हणूनच गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. अपस्मार असेल तर लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकतं. गोळ्यांत व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचं औषध असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला, त्याने गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

दुसऱ्या प्रकाराचं निदान पक्कं झालं तर मुख्य उपचार म्हणजे समुपदेशन : झटक्याआधीची चाहूल ओळखणं, त्या क्षणी लक्ष दुसरीकडे वळवणं, मनात दडपलेलं बोलता येणं. हे तिच्या मायबोलीतच व्हायला हवं. बेळगाव, मिरज किंवा बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजार व मेंदूविकारांच्या रुग्णालयात गेलात तर मराठी समजणारा समुपदेशक आग्रहाने मागा. कानडीत ती बाजार करत असेल, पण मनातलं दुःख त्या भाषेत निघेलच असं नाही. आणि पहिल्या भेटीत तिला एकटीला बोलू द्या; सासू-सासरे, नवरा बाहेर थांबू देत.

प्रश्न : दातखीळ बसली की चमचा घालावा का? कांदा, चप्पल हुंगवावी का? (निपाणी)

उत्तर : काहीही नको. चमच्याने दात तुटतात, तुकडा श्वासनलिकेत जातो. कांदा-चपलेने झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. डोक्याखाली घडी केलेलं कापड ठेवा, गळ्याचं बटण सैल करा, झटके ओसरले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्ध न येता दुसरा झटका आला, तर १०८ ला फोन करा.