६० सर्व्हर एका शनिवार-रविवारात नव्या डेटा सेंटरमध्ये हलवता येतील का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की ४ रॅक, साठेक सर्व्हर आणि २ स्टोरेज (डिस्कनी भरलेली सामायिक साठवण यंत्रं) आहेत, जागा ३ महिन्यांत सोडायची आहे आणि वरिष्ठांनी त्यासाठी एक शनिवार-रविवार दिलाय. जमू शकेल. मी असं स्थलांतर तीनदा केलंय. त्यातलं पहिलं फसता फसता वाचलं, म्हणून त्याबद्दलच आधी सांगतो.

आम्हाला सगळी धास्ती ट्रकची होती. फोमची खोकी, धक्का बसला की लाल होणारे स्टिकर, विमा, गाडीमागे आमचा एक माणूस. ट्रकमध्ये काहीही झालं नाही. जे बिघडलं ते आम्ही बटण दाबून मशीन बंद केली त्या क्षणी बिघडलं होतं. कळलं मात्र दुसऱ्या दिवशी, नव्या जागी चालू करताना.

वर्षानुवर्षं अखंड फिरणाऱ्या हार्ड डिस्क थंड झाल्या की काही पुन्हा फिरतच नाहीत. आमच्या एका स्टोरेजमध्ये अशा २ डिस्क गेल्या, आणि रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी रचना) होतं म्हणून डेटा वाचला. मुख्य स्विच चालू झाला, पण त्यातले ३ व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगवेगळी नेटवर्क) गायब. कुणीतरी कधीकाळी चालू स्विचवर बदल केला होता आणि सेव्ह करायला विसरला होता. दोन जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचे छोटे सेल मेलेले, त्यामुळे त्यांचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं. केर्बेरॉस (लॉगिन तपासणारी यंत्रणा) साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, म्हणून लॉगिन बंद. सर्टिफिकेटही ‘अजून वैध झालेलं नाही’ म्हणून नाकारली जात होती. यातल्या एकाही गोष्टीचा रस्त्यावरच्या खड्ड्यांशी संबंध नव्हता.

म्हणून सुरुवात कुठून, तर इथून: प्रत्येक मशीन आहे त्याच जागी एकदा पूर्ण बंद करून चालू करा. नुसतं रीस्टार्ट नको. केबल काढा, थोडा वेळ थंड होऊ द्या, मग लावा. हे हलवण्याच्या ४-६ आठवडे आधी, रात्रीच्या वेळा ठरवून, एकावेळी थोडी थोडी मशीन घेऊन करायचं. त्याआधी बॅकअप घ्या आणि तो कुठेतरी परत भरून बघा. स्विच आणि फायरवॉलची कॉन्फिगरेशन सेव्ह करून बाहेर काढून ठेवा. वरिष्ठ म्हणतील की चालू गोष्टीला कशाला हात लावता. हात तर लावायचाच आहे. आज मोडलं तर एकच मोडेल आणि नवा भाग मागवायला वेळ असेल, त्या रविवारी मोडलं तर पाच एकदम मोडतील.

दुसरं काम यादीचं. तुमच्याकडे एक्सेलची शीट असेलच. ती चुकीची आहे असं धरून चला (माझी तर तिन्ही वेळा होती). कोण कुणाशी बोलतं हे फायरवॉलच्या लॉगवरून आणि स्विचच्या ट्रॅफिकवरून काढा, आणि किमान एक महिनाअखेर त्यात येऊ द्या, कारण काही जॉब महिन्यातून एकदाच जागे होतात. या शोधात १०-१५ मशीन अशी निघतील की जी कुणालाच नको आहेत. ती हलवू नका. लायसन्स हार्डवेअरला किंवा मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या क्रमांकाला) बांधलेलं आहे का, हेही याच वेळी बघा.

यादी काढताना एक चक्र हमखास सापडतं. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) ज्या सर्व्हरवर चालतात तो होस्ट स्टोरेजला नावाने शोधतो, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस हा त्याच होस्टवरचा एक व्हीएम, आणि तो व्हीएम त्याच स्टोरेजवर. सगळं चालू असताना हे कधीच जाणवत नाही. सगळं बंद केलंत की कोण आधी उठणार? होस्टच्या हायपरव्हिजरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आवश्यक पत्ते हाताने लिहून ठेवा किंवा एक डीएनएस वेगळ्या साध्या मशीनवर ठेवा. पासवर्डचंही तसंच. पासवर्ड साठवणारं सॉफ्टवेअर हलवायच्या सर्व्हरवरच असेल, तर त्या रात्रीपुरते कागदावर, बंद पाकिटात.

आयपी पत्ते बदलणार असतील तर डीएनएसचा टीटीएल (मिळालेला पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा ती मुदत) आधीच खाली आणा. तो ८६४०० सेकंद असेल तर तो अख्खा दिवस झाला, म्हणून ३०० करायचा तो निदान दोन दिवस आधी. आणि तुमचा सार्वजनिक पत्ता ज्या बाहेरच्या लोकांनी आपल्या फायरवॉलमध्ये नोंदवलाय त्यांना आजच कळवा. त्यांच्याकडे मंजुरीला आठवडे लागतात.

सगळं ट्रकमध्येच घालायला हवं असंही नाही. नव्या जागी थोडे होस्ट आधी उभे करून व्हीएम लाइनवरून पाठवता येतात. मात्र हिशेब करा: १०० टेराबाइट डेटा १ गिगाबिटच्या लाइनवरून, लाइन पूर्ण भरून चालवली तरी ९ दिवसांहून जास्त घेतो. म्हणून मूळ प्रत आधीच पाठवून ठेवायची आणि शेवटच्या रात्री फक्त फरक. टप्प्याटप्प्याने हलवलंत तर ॲप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस वेगळे करू नका. फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही, पण एक स्क्रीन उघडायला डेटाबेसला एकामागून एक १००० क्वेरी मारणारं जुनं ॲप्लिकेशन तेवढ्यानेच एका सेकंदाने मंदावतं.

नव्या जागेचं थोडक्यात. इंटरनेटची लाइन पहिल्या आठवड्यात मागवा, सर्वात उशीर तिचाच होतो. वीज दोन फीडवर (स्वतंत्र पुरवठ्यांवर) असेल तर एक गेल्यावर सगळा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून रोज प्रत्येकावर निम्म्याहून कमी. रॅकची खोली, रेल आणि पॉवर सॉकेट सी१३ की सी१९ हे प्रत्यक्ष जाऊन बघा, फोनवर विचारू नका.

त्या दिवशी केबलच्या दोन्ही टोकांना लेबल, डिस्कवर तिच्या स्लॉटचा नंबर, प्रत्येक रॅकचे पुढून-मागून फोटो. पोचल्यावर मशीन लगेच चालू करू नका. गार गाडीतून उबदार खोलीत आलेल्या पत्र्यावर दव धरतं. चालू करायचा क्रम: नेटवर्क, स्टोरेज, डीएनएस आणि वेळ देणारा सर्व्हर, होस्ट, डेटाबेस, शेवटी ॲप्लिकेशन. सगळं एकदम चालू केलंत तर सुरुवातीच्या झटक्याने ब्रेकर पडू शकतो.

आणि परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा. सोमवारी सकाळी ८ वाजता काम सुरू होणार आणि सगळं मागे नेऊन उभं करायला १६ तास लागणार, तर निर्णय रविवारी दुपारी ४ ला. तो निर्णय ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे त्याने घ्यायचा नाही. तो माणूस ‘अजून अर्धा तास द्या’ असंच म्हणतो. मीही म्हणालो होतो, चार वेळा.

जुन्या जागेचा ताबा लगेच देऊ नका. एक महिनाअखेर नव्या जागी पार पडू द्या. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात कळलं की जुन्या खोलीत छताजवळ एक छोटा मोडेम अजून लुकलुकतोय, आणि अलार्मचे एसएमएस त्याच्यावरूनच जात होते.